पुडीच्या मागची बारीक अक्षरे

पुडी उलटून पाहण्याची सवय आपल्या घरांत जुनीच आहे. जेली किंवा परदेशी चॉकलेट हातात आले की त्यात जिलेटिन आहे का आणि ते कशाचे, हे आधी शोधले जाते. शेजारच्याच चौकटीत साखर, मीठ आणि चरबीचा हिशोब छापलेला असतो, तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. घरात दादीला शुगर आणि अब्बांना बीपी असले तरीही.

आम्ही याचा दोष वाचणाऱ्याला देत नाही. आमचे कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. येथे मुलांची खरेदी टपरीवर लटकणाऱ्या माळेतून होते. वर्गात रिकामी पाकिटे मागवली, तेव्हा मराठी आणि उर्दू दोन्ही सरसर वाचणारी मुले त्या इंग्रजी चौकटीपाशी अडली. नियम असा आहे की ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी. इतर भाषा कंपनीच्या मर्जीवर. त्याच कंपन्यांना टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी मराठी बरोबर सापडते! अगदी लहान पुडीला, म्हणजे जिचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही तिला, पोषणाची माहिती छापण्यातून सूटच आहे. मुलांच्या हातात जास्त करून अशाच टॉफ्या-चॉकलेटे असतात.

तोवर हिशोब आपणच करायचा. आकडे बहुधा 100 ग्रॅम किंवा 100 मिलीचे असतात, पूर्ण पाकिटाचे नव्हे. थंड पेयाच्या बाटलीवर 100 मिलीला 11 ग्रॅम साखर लिहिली असेल आणि बाटली 600 मिलीची असेल, तर एकूण साखर झाली 66 ग्रॅम. चहाचा एक चमचा साधारण 4 ग्रॅमचा धरला तर सोळा चमच्यांहून जास्त. लेबलच्या नियमांत मोठ्या माणसासाठी वरून घातलेल्या साखरेचे दिवसाचे प्रमाण 50 ग्रॅम धरले आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर अशी बाटली उघडताना हा आकडा आठवावा. मिठाच्या जागी ‘सोडियम’ लिहितात. 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा तेवढीच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर, लिक्विड ग्लुकोज किंवा इन्व्हर्ट सिरप दिसले, की वरचे फळाचे चित्र विसरावे.

चिली देशाने 2016 पासून जास्त साखर, मीठ व चरबीच्या पदार्थांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. निरक्षर बाईलाही शिक्के मोजता येतात. आपल्याकडे एफएसएसएआयने 2022 मध्ये ताऱ्यांचा मसुदा काढला. आम्हाला तो पटला नाही. तारा पाहून मूल शाबासकीच समजणार. जुलै 2024 मध्ये साखर, मीठ, चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समोरच्या लेबलाबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले. ती मुदत पुढे वाढली.

सीबीएसईने 2025 मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेला त्यासाठी आदेशाची वाट पाहायला नको, खडू आणि फळा आहेच. टपरीवरच्या चार-पाच वस्तूंची साखर चमच्यांत मोजून मराठीत आणि शेजारी उर्दूत लिहावी. मुलांनी ती वहीत उतरवून घरी अम्मीला वाचून दाखवावी.