‘जो’ला ‘तो’ हवाच

परप्रांतात सरकारी चाकरी करणाऱ्या मराठी माणसास एक उपदेश हटकून ऐकावा लागतो : ‘इंग्रजी लिहायचे, तर मराठीत विचार करणे सोडा.’ आम्हांस तो मान्य नाही. संबंधी सर्वनामांपुरते तरी आम्ही असे म्हणू, की आपले इंग्रजी बिघडते ते बहुधा मराठी आठवल्यामुळे नव्हे, विसरल्यामुळे.

एक नमुन्याचे वाक्य घ्या. अर्जाची प्रत बिलासोबत पाठविली, ‘विच वॉज इन्कम्प्लीट’. अपुरे काय होते? मराठीत ‘जो अपुरा होता’ म्हटले, तर अर्ज. ‘जी अपुरी होती’ म्हटले, तर प्रत. ‘जे अपुरे होते’ म्हटले, तर बिल. इंग्रजी ‘विच’ला ना लिंग, ना वचन. त्याचा धनी कोण, हे मुख्यतः त्याच्या जागेवरून ओळखायचे. म्हणूनच ते ज्या नामाचे, त्याच्या शेजारी बसले पाहिजे.

स्वल्पविरामाची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘क्लार्क्स हू हॅव कम्प्लीटेड थ्री इयर्स मे अप्लाय’ याचा अर्थ, ज्यांची तीन वर्षे भरली त्यांनीच अर्ज करावा. ‘क्लार्क्स’पुढे आणि ‘इयर्स’पुढे स्वल्पविराम घाला, की सर्वच कारकुनांची तीन वर्षे भरली आहेत, असे तेच वाक्य सांगू लागते. स्वप्रांती बदली मागणाऱ्या माणसाचा हक्क अशा दोन टिंबांवर लोंबकळत असतो. ‘भावार्थ कळला म्हणजे झाले’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. भावार्थावर हुकूम निघत नाहीत. ते शब्दांवर निघतात.

‘द फाइल विच आय सेंट इट’ यातील फाजील ‘इट’ मराठीतल्या ‘ती’चीच सावली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मराठी रचना जशीच्या तशी उतरविणे वेगळे आणि मराठीच्या कसोटीवर इंग्रजी घासून पाहणे वेगळे.

दुसऱ्या टोकाला आहेत ते प्रत्येक ‘विच’ खोडून ‘दॅट’ करणारे पंडित. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात मर्यादा घालण्यास ‘दॅट’ आणि जादा माहितीस ‘विच’ अशी वाटणी सुचविली खरी. पण बहुतेक लेखक, किंबहुना उत्तम लेखकही, ती पाळीत नाहीत, हेही त्यांनीच कबूल केले आहे. गुरूने सूचना करावी आणि शिष्यांनी तिचा फतवा करावा, हा न्याय कोणता?

मसुदा सहीला जाण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ‘हू’ आणि ‘विच’ मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावा. त्याचा ‘तो’ सापडला, तर वाक्य राहू द्यावे. न सापडला, तर मुकाट्याने त्याची दोन वाक्ये करावीत. त्यात पांडित्य उणे होत नाही, आणि ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या कागदावर आहे, त्याचे नुकसान टळते.