संशयाचा वारसा आणि कोवळ्या वयातील आरोपी

(विशेष प्रतिनिधी)

सातारा/सांगली : अमेरिकेत २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, तेव्हा तेथील वर्णद्वेषाची चर्चा आपल्याकडेही हिरीरीने झाली. मात्र घरफोडी झाली की पोलिसांची गाडी प्रथम आमच्या पालांकडे वळते, ही पारधी समाजाची जुनी तक्रार सातारा-सांगलीकरांच्या कानावर असूनही तिची तेवढी चर्चा होत नाही.

या संशयाचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. त्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. तथापि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने पोलिसी नजर कायम ठेवली. फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० मध्ये भटक्यांचे जगणे पांढरपेशा वाचकांपुढे मांडले. पुढे १९९८ मध्ये शेजारच्या बारामतीत एका पारधी तरुणाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. सांगलीतील २०१७ च्या कोठडीमृत्यूत प्रश्न जातीचा नव्हता. पण बंद दाराआड वकिलाविना सापडलेल्या तरुणाचे काय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

मग अठरा वर्षांखालील मुलाचे काय? २०१५ चा बालन्याय कायदा स्पष्ट आहे. अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलिस अधिकारी असणे बंधनकारक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जातीच्या दाखल्याची गरज नाही.

खरी अडचण वयाच्या पुराव्याची आहे. कायदा प्रथम शाळेचा दाखला मागतो, तो नसल्यास जन्मनोंद, आणि तीही नसल्यास वैद्यकीय चाचणी. फिरत्या पालावर जन्मलेल्या, शाळा न पाहिलेल्या मुलाकडे पहिले दोन्ही कागद नसतात. परिणामी सतरा वर्षांचा मुलगा कागदोपत्री एकोणीस वर्षांचा ठरला, की वर सांगितलेली सारी संरक्षणे एका नोंदीने गळून पडतात. त्या क्षणी आक्षेप घेणारा वकील शेजारी नसेल, तर नंतरचा वकील उशिराचाच ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदाविरोधातील निकालात विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेविरुद्धही पोलिसांना बजावले आहे. हा निकाल ठाण्यातील डायरीपर्यंत पोहोचवायचा, तर दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी ताब्यात घेतलेल्या मुलासाठी पहिल्या तासापासून वकील उपलब्ध करावा, आणि जन्मनोंदीची शिबिरे पालांवर भरवावीत. खर्च फारसा नाही. पोलिसांचे कामही त्याने अडत नाही. उलट खरा चोर शोधण्याला वेळ मिळतो.