सव्वादोन लिटर पाणी

मागच्या शनिवारी एका जुन्या मित्राशी फोनवर पाऊण तास कडाक्याचं भांडलो. विषय राजकारण नव्हता, अप्रेझलही नव्हतं. विषय होता लेन्स. साहेबांनी कर्ज काढून निकॉनची नवी ६०० एमएम एफ/४ घ्यायचं ठरवलंय. कर्ज त्याचं, खांदे त्याचे, मला काय करायचंय? पण फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तुझं ते तीनशे अधिक टीसी म्हणजे गरिबाचा जुगाड आहे रे." इथे माझं डोकं फिरलं. फोनवर धड उत्तर सुचलं नाही (मला भांडणातलं उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतं), म्हणून आता सविस्तर देतो.

आधी माझी शस्त्रं. २०१५ साली आलेली निकॉनची ३०० एमएम एफ/४ पीएफ, सेकंडहँड घेतलेली. वजन ७५५ ग्रॅम. तिच्यामागे १.४ एक्सचा टेलिकन्व्हर्टर, १९० ग्रॅम. झाले ९४५ ग्रॅम, आणि हातात येते ४२० एमएम एफ/५.६. माझी बॉडी डी-५००, म्हणजे क्रॉप सेन्सर, त्यामुळे दिसतं ते फुल फ्रेमवरच्या ६३० एमएमइतकं. किलोभरसुद्धा वजन नाही. एवढ्या हलक्या लेन्सचं श्रेय फ्रेनेलच्या युक्तीला. समुद्रावरच्या दीपगृहात दिव्यापुढे कड्याकड्यांची काच असते ना, त्याच घराण्यातली काच या लेन्सच्या आत आहे. तिचा एक दोष आहे, तोही सांगून टाकतो: समोरून प्रखर प्रकाश आला की कधीकधी रंगीत कडं उमटतं.

आता मित्राची नवरी. झेड ६०० एफ/४ टीसी, २०२२ सालची. वजन ३,२६० ग्रॅम, किंमत दहा लाखांच्या पुष्कळ वर. आणि नावातलं ते 'टीसी' पाहिलंत? या लेन्सच्या पोटात कंपनीनेच १.४ एक्सचा टेलिकन्व्हर्टर बसवून दिलाय! खटका ओढला की ८४० एमएम एफ/५.६. म्हणजे मी बाहेरून लावला तर जुगाड, आणि कंपनीने आत बसवून दिला तर 'प्रोफेशनल सोल्युशन'. वा रे वा.

"टीसी लावला की शार्पनेस गेली" हे वाक्य आमच्या फोटोवाल्या मंडळींत वेदवाक्यासारखं फिरतं. टीसी करतो काय, तर लेन्सने तयार केलेल्या चित्राचा मधला भाग मोठा करतो. त्यासोबत लेन्सचे दोषही मोठे होतात. मुळात ढिसाळ असलेल्या स्वस्त झूमला लावाल तर खीर बिघडणारच. चांगल्या प्राइम लेन्सला १.४ लावला तर फरक शोधायला मॉनिटरला नाक लावावं लागतं. शिवाय डीएसएलआरवर बॉडी, लेन्स आणि टीसी या तिघांचं फोकस एकत्र कॅलिब्रेट करावं लागतं. निम्मे लोक ते करतच नाहीत आणि बिल टीसीच्या नावावर फाडतात. मी गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, एकदा टीसी लावून आणि एकदा न लावता क्रॉप करून, असे दोन्ही फोटो काढले. छोट्या जाहिरातीतली अक्षरं टीसीवाल्या फोटोत वाचता आली. बास. एक मात्र खरं, २ एक्स मी विकून टाकला. ६०० एमएम एफ/८ ऐकायला छान वाटतं, पण दोन स्टॉप प्रकाश गेल्यावर सकाळी सव्वासहाला हातात फक्त दाणेदार अंधार उरतो.

हा प्रकाशाचा मुद्दा मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. मित्राच्या लेन्सचं तोंड दीडशे मिलिमीटरचं, माझ्याचं पंचाहत्तर. चौपट प्रकाश. झुंजुमुंजू होताना अस्वल दिसलं तर त्याचा फोटो माझ्यापेक्षा नक्कीच चांगला येणार. नॉइज काढणारी नवी सॉफ्टवेअरं आल्यापासून हे अंतर बरंच कमी झालंय, पण मिटलेलं नाही.

मग भांडण कशावरून? तर जागेवरून.

माझं गाव जळगाव जामोद. बुलडाणा जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक, मागे सातपुडा, पुढे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. पुण्याहून रात्रीच्या गाडीने शेगावला उतरायचं आणि पुढे एसटी. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पण मी बहुतेक वेळ जंगलात नाही, वावरात असतो. रोही, मोर, नीळकंठ, हिवाळ्यात तुरीवरून खाली खाली तरंगत जाणारे भोवत्या. हे सगळं पायी बघायचं असतं. इथे जिप्सी नाही, गाइड नाही, गेट नाही. धुऱ्यावरून चालायचं.

चार-पाच वर्षांपूर्वी मीही मोहात पडून एक जुनी ६०० एफ/४ भाड्याने आणली होती. मे महिना. सोबत ट्रायपॉड, वर गिंबल हेड. काकांनी ती पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाले, "बाबू, हे काय आणलं तू? वावरात तोफ कायले पायजे?" पहिल्या दिवशी अर्धा किलोमीटर चाललो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या मोटरसायकलवर मांडीत घेऊन बसलो, खड्डा आला की माझा जीव आणि डिपॉझिट दोन्ही वर-खाली. तिसऱ्या दिवशी बोअरजवळच्या लिंबाखाली बसून राहिलो, म्हणजे रोह्यांनीच माझ्याकडे यावं अशी व्यवस्था. ते आले नाहीत. लांब, दोनशे-अडीचशे मीटरवर उभे राहिले. म्हटलं हरकत नाही, ६०० आहे.

घरी येऊन फोटो उघडले. सगळे पाण्यात बुडाल्यासारखे. रोह्याचे पाय वितळलेले, कानाला दोन कडा. लेन्स खराब आहे असं वाटलं. लेन्स उत्तम होती, हवा खराब होती. नांगरलेली काळी जमीन मे महिन्यात सकाळी आठ-साडेआठलाच तापते, तिच्यावरची गरम हवा हलते आणि त्या हवेतून जितकं लांबचं बघाल तितकं चित्र थरथरतं. जमिनीलगत लोळून 'लो अँगल' घ्याल तर आणखीच वाईट. लेन्स लांब केली की थरथरही मोठी दिसते. या रोगावर काचेचं औषध नाही. लवकर निघणं आणि जवळ जाणं, हे दोनच उपाय. आणि जवळ जायचं तर चालावं लागतं, थांबावं लागतं, वाकून पुन्हा चालावं लागतं. तोफ घेऊन हे होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. ३,२६० उणे ९४५. म्हणजे २,३१५ ग्रॅम. सव्वादोन लिटर पाणी! ट्रायपॉड आणि गिंबल तर मी धरलंच नाही. मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सव्वादोन लिटर पाणी म्हणजे आणखी दोन-तीन तास. माझे बरेच फोटो त्या तासांमध्ये आलेत, एफ/४ मध्ये नाही.

माझा खरा राग यापुढचा आहे. अवजड लेन्सला गाडी लागते. गाडीला रस्ता लागतो, रस्ता गेटच्या आत असतो, आणि गेटच्या आत एवढे पैसे टाकून गेलेल्या माणसाला वाघच लागतो. म्हणून आमच्या ग्रुपवर वर्षभर त्याच दोन-तीन प्रकल्पांतले तेच वाघ, तोच पाणवठा. अख्खा तालुका, अख्खा जिल्हा कुणाच्या कॅमेऱ्यात नाही. १९९७ साली रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा सापडला तो याच सातपुड्याच्या पायथ्याशी, तिकडे शहाद्याच्या बाजूला. डोंगराच्या या पायथ्याला आणखी काय काय आहे, हे बघायला पायी कोण फिरतंय?

आणि तो पाठीमागचा लोण्यासारखा धूसरपणा! बोके, बोके म्हणून नाचतात. ६०० एफ/४ ने काढलेल्या रोह्यामागे काहीच नसतं, नुसता हिरवा-पिवळा रंग. तो जळगाव जामोदचा आहे की राजस्थानचा, कुणाला कळणार? माझ्या ४२० एमएम एफ/८ मध्ये मागे तूर दिसते, विजेचा खांब दिसतो, निळी सातपुड्याची रेघ दिसते. ग्रुपवर यालाच 'डिस्ट्रॅक्टिंग बॅकग्राउंड' म्हणतात. अरे, ते बॅकग्राउंड नाही, तो जनावराचा पत्ता आहे!

मागच्या डिसेंबरात काकांच्या हरभऱ्यात रोह्यांचा कळप शिरला. पहाटे धुऱ्याच्या आडोशाने साठेक मीटरपर्यंत सरकलो, थंड स्वच्छ हवा होती, हातात धरूनच फोटो काढले. त्यातला एकटा नर, तोंडात हरभऱ्याचं झाड, मान वळवून माझ्याकडे बघणारा, हा माझ्या मते माझा आजवरचा सर्वोत्तम फोटो. मोठ्या कौतुकाने काकांना लॅपटॉपवर दाखवला.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा एकच त काय कामाचा? मले नुकसानभरपाईच्या अर्जाले लावाचा हाय. सारे दिसतीन आन् वावर आपलंच हाय हे समजीन, असा हाय का?"

होता. टीसी काढून ३०० वर काढलेला. सात रोही, खाल्लेल्या ओळी, मागे काकांची बोअरची खोली आणि कडेचा लिंब. सकाळीच गावातल्या स्टुडिओतून त्याच्या तीन प्रती काढून आणल्या.