पेटीतून घरी आलं, पण पुढे?

“ताई, पोरगी हट्टी नाही हो, तिला जमतच नाही!” आमच्या बचत गटातली एक जण परवा हे सांगताना रडायलाच लागली. मुलगी आठ वर्षांची. साडेसहाव्या महिन्यातच जन्मली. दोन महिने काचेच्या पेटीत, त्यातही बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घेताना मागे पडते. सासूबाई म्हणतात लाडावलीय, शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष नाही.

मी तिला जुनी फाइल आणायला सांगितली. त्यात औषधांच्या यादीत डेक्सामेथासोन होतं. हे स्टेरॉइड. कच्च्या फुप्फुसांची सूज उतरवून बाळाला व्हेंटिलेटरवरून सोडवायला ते देतात. १९९०च्या दशकात जगभर ते सढळ हातानं दिलं गेलं. बाळं लवकर स्वतः श्वास घेऊ लागली, सगळे खूश. पण तैवानमधल्या डॉक्टरांनी अशी १४६ मुलं शाळेत जाईपर्यंत पाहिली. जन्मल्याबरोबर सुरू करून चार आठवडे औषध दिलेली मुलं उंचीला कमी, डोक्याचा घेर लहान, हाताच्या कामात मागे आणि बुद्ध्यांकातही सरासरी सहा गुणांनी कमी निघाली. हे २००४ साली छापून आलं. त्याआधीच, २००२ मध्ये, अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ‘सरसकट देऊ नका’ असं बजावलं होतं.

“म्हणजे त्या औषधानंच झालं?” तिनं विचारलं. तसं ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही. इतक्या लवकर जन्मणं हेच मेंदूला जड जातं. शिवाय व्हेंटिलेटरवरून न सुटणाऱ्या बाळाला आजही डॉक्टर तोलूनमापून, कमी मात्रेत, थोडे दिवस हे औषध देतात, कारण फुप्फुसाचा आजार तसाच राहिला तर तोही घातकच. तेव्हा डॉक्टरांना दोष नको आणि स्वतःला तर नकोच नको.

आणि मैत्रिणींनो, एक गल्लत करू नका. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या की आईला देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. त्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात, जीव वाचतात. त्याला घाबरून नकार देऊ नका.

माझा सवाल वेगळाच आहे. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. त्यांना वाचवायला आपण शिकलो, पण पेटीतून घरी आणलं, पेढे वाटले की संपलं! फाइल माळ्यावर जाते. खरं तर पुढची काही वर्षं तपासणी हवी: डोळे, कान, बसणं, चालणं, बोलणं. बाळ अडीच महिने आधी आलं असेल तर सहाव्या महिन्यात त्याला साडेतीन महिन्यांचं धरायचं, शेजारच्या बाळाशी तुलना नको. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते. पुढच्या उपचारांसाठी अनेक जिल्ह्यांत केंद्रं आहेत. आशाताईला विचारा.

आम्ही त्या मुलीला अशाच केंद्रात नेलं. हाताचे व्यायाम सुरू झालेत. गेल्या आठवड्यात तिनं एक बटण लावलं. आजीनंच ते गल्लीभर सांगितलं.