उडालं ते ठीक. हात सोडल्यावर काय?

१७ ऑक्टोबर २०२५. ओझरच्या ‘एचएएल’मध्ये बांधलेलं पहिलं ‘तेजस मार्क-१ए’ नाशिकच्या आकाशात झेपावलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी त्याच दिवशी तेजसच्या तिसऱ्या आणि ‘एचटीटी-४०’ या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन केलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ निवृत्त झालं होतं. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच मिगसाठी. म्हणजे एका महिन्यात नाशिक जिल्ह्याने एका विमानाला निरोप दिला आणि दुसऱ्याचं स्वागत केलं.

ओझरपासून सुरगाणा शंभर किलोमीटरच्या आत. दिंडोरी, वणी, बोरगाव करत घाट ओलांडला की आलंच. पण ओझरचं विमान आणि सुरगाण्यातला बारावीचा मुलगा यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्या मुलाच्या मोबाइलवर तेजसचे व्हिडीओ येतात, तसेच दुसऱ्या प्रकारचेही येतात. कुणीतरी थर्माकोल, अॅल्युमिनियमचे पाइप आणि मोटरसायकलचं इंजिन जोडून ‘घरचं विमान’ केलेलं असतं. ते शेतात चार-पाच फूट वर उठतं. खाली हजार कमेंट पडतात. ‘उडालं रे भावा!’

कौतुक रास्त आहे. पण घरी बांधलेल्या विमानाबाबत ‘उडालं का?’ हा प्रश्न तसा सोपा आहे. ताकदीचं इंजिन आणि पुरेसा पंख मिळाला तर बरंच काही उडतं. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सरळ पातळीवर आणून पायलटने दांड्यावरचा हात सोडला तर विमान सरळ राहतं का? या एका प्रश्नात अभियांत्रिकी आहे, कायदा आहे आणि आपल्या धोरणाची परीक्षाही आहे.

गाडी उलाळते तेव्हा

हे समजायला विमानशास्त्राच्या पुस्तकाआधी बैलगाडी पाहावी. गाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की गाडी उलाळते; जू वर उचललं जातं आणि बैलांना काही करता येत नाही. पुढे ओझं जास्त झालं तर बैलांच्या मानेवर भार पडतो, चाल जड होते, पण गाडी ताब्यात राहते. विमानाचं अगदी हेच आहे. नाक जड असेल तर विमान आळशी होतं, उतरताना नाक उचलायला जोर लागतो. शेपूट जड असेल तर वाऱ्याच्या एका झटक्याने वर गेलेलं नाक परत खाली येतच नाही. वैमानिकांमध्ये म्हणतात, नाकजड विमान वाईट उडतं, शेपूटजड विमान एकदाच उडतं.

म्हणून विमान बांधून झालं की पहिलं काम इंजिन सुरू करण्याचं नसतं, वजन करण्याचं असतं. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे. समजा, पुढच्या चाकाखाली ९० किलो आणि मागच्या दोन चाकांखाली मिळून ३६० किलो भरले. नाकाजवळच्या एका ठरावीक रेषेपासून पुढचं चाक ०.६ मीटरवर आणि मागची चाकं २.१ मीटरवर आहेत. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणा, बेरीज करा, एकूण वजनाने भागा. उत्तर येतं १.८ मीटर. हा रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य. आता ८० किलोचा पायलट २.६ मीटरवर बसला की तो १.९२ वर जातो. त्यात कुणी २० किलोची बॅग शेपटीच्या बाजूला, ४ मीटरवर टाकली की जवळपास २ मीटर. बॅग वजनाने पायलटच्या पाव पट, पण तिने गुरुत्वमध्य आणखी साडेसात सेंटिमीटर मागे ओढला. छोट्या विमानात एवढ्यावरही निकाल फिरू शकतो. गणित आठवीचं आहे, पण ते न करता धावपट्टीवर जाणं म्हणजे जुगार.

दोन बोटांची पट्टी

गुरुत्वमध्य जागेवर असला तरी हाताने बांधलेलं विमान पहिल्या दिवशी सरळ उडेलच असं नाही. एका पंखाचा कोन दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा बसतो. एका बाजूच्या टाकीत इंधन जास्त असतं. पंखा फिरतो त्याचा पीळ विमानाला एका बाजूला ओढतो. पायलट सतत दांडा किंचित उजवीकडे आणि पाय एका पेडलवर दाबून बसतो. दहा मिनिटं हे चालतं. दोन तासांत हात भरून येतो, लक्ष उडतं, आणि नकाशा बघायला मान वळवली की विमान भलतीकडे जातं.

हा दाब काढून टाकणं म्हणजे ‘ट्रिम’. शेपटीच्या आडव्या पट्ट्याच्या मागच्या कडेला एक छोटी झडप असते, ‘ट्रिम टॅब’. ती खाली वळवली की हवा तिला वर ढकलते, तिच्यासोबत मोठा पट्टा वर जातो आणि विमानाचं नाक उचललं जातं. छोटी झडप एका दिशेला, मोठा पट्टा उलट्या दिशेला. एवढं सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं. घरगुती विमानात उभ्या सुकाणूवर आणि पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्यावर बऱ्याचदा नुसती दोन बोटांची पत्र्याची पट्टी लावलेली असते. ती उडताना हलवता येत नाही, जमिनीवर हाताने वाकवायची. विमानाचं नाक सारखं डावीकडे जातंय? सुकाणूवरची पट्टी थोडी डावीकडे वाकवा, सुकाणू उजवीकडे ढकललं जाईल. डावा पंख झुकतोय? डाव्या पट्ट्यावरची पत्र्याची पट्टी थोडी वर वाकवा.

यात क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही टाक्यांतलं इंधन सारखं करायचं. पंख, फ्लॅप जमिनीवर मोजून घ्यायचे, कारण पंखच वाकडा बसला असेल तर पट्टी वाकवणं म्हणजे दुखण्यावर मलम. मग नाकाची डावी-उजवी ओढ काढायची. पायलटसमोरच्या काचेच्या नळीतली गोळी मध्यावर आली की ते जमलं. पंखाचा झुकाव त्यानंतर. उलट केलं तर एक चूक दुसरीला झाकते. प्रत्येक वेळी एकच बदल, तोही किंचित. उडा, बघा, उतरा, वहीत लिहा, पुन्हा वाकवा. या कामाची रील होत नाही, कारण बघण्यासारखं काही घडत नाही. काही न घडणं हेच तर यश असतं!

शेवटी मुख्य परीक्षा. विमान एका वेगावर ट्रिम करायचं, मग दांडा थोडा पुढे ढकलून वेग वाढवायचा आणि हात सोडायचा. चांगलं विमान नाक वर करतं, जरा जास्तच वर जातं, मग खाली, मग परत वर, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा लहान होत मूळ वेगावर येतं. या संथ झोक्याला फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘फ्युगॉइड’ असं नाव दिलं. झोके मोठे होत गेले तर मुकाट्याने उतरायचं आणि काट्यावर परत जायचं. आणि हो, ‘हात सोडून’ म्हणजे ‘डोळे मिटून’ नव्हे. उत्तम ट्रिम केलेलं विमानही बराच वेळ तसंच सोडलं तर हळूहळू एका बाजूला कलत गिरकीत जाऊ शकतं. ट्रिमने हाताला विश्रांती मिळते, डोक्याला नाही.

गच्चीपासून धुळ्यापर्यंत

आपल्याकडचं याचं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी ‘टीएसी-००३’ बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि यादव रातोरात माहीत झाले. पण नोंदणीसाठीचा त्यांचा खटाटोप २०११ पासून सुरू होता. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, ‘व्हीटी-एनएमडी’ या नावाने. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण चाचणी ऑगस्ट २०२० मध्ये. मधल्या काळात, २०१८ मध्ये, राज्य सरकारने त्यांच्याशी पालघरमधल्या कारखान्यासाठी तब्बल ३५ हजार कोटींचा सामंजस्य करारही केला.

हा क्रम नीट बघा. कराराचा आकडा आधी आला, विमानाची चाक उचलायची वेळ नंतर. एका माणसाची जिद्द वादातीत आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे. चाचणीचे तास, वहीतल्या नोंदी, वाकवलेल्या पट्ट्या यातूनच विमान विश्वासार्ह होतं. आपण मात्र वर्षानुवर्षं कागद फिरवले आणि मग एकदम कारखान्यावर उडी मारली.

बाहेर काय होतं? मूळचे केरळमधल्या आलप्पुळाचे अशोक तामराक्षन ब्रिटनमध्ये राहतात. त्यांनी लॉकडाउनच्या काळात ‘स्लिंग’ या दक्षिण आफ्रिकी कंपनीचं किट मागवून चार आसनी विमान बांधलं आणि २०२२ मध्ये कुटुंबासह ते युरोपात फिरले. ते काही एकटेच हुशार नव्हते. तिथे हलक्या विमानांच्या संघटनेचे निरीक्षक बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर येऊन तपासतात. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्याने मुख्य काम स्वतः केलेलं असावं, अशी अट आहे. मग साधारण २५ ते ४० तास ठरावीक भागातच, प्रवासी न घेता चाचणी उड्डाणं करायची. ट्रिमचं सगळं काम याच तासांत होतं. म्हणजे तिथे नियम आहेत, आणि कडक आहेत. फरक इतकाच की त्या नियमांना सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत.

आपल्याकडे ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९३४ चा जुना कायदा गेला. नाव बदललं, चांगलं झालं. आता हौशी विमान बांधणाऱ्यासाठी तपासनीस, चाचणीची धावपट्टी आणि ठरलेली मुदत अशी सरळ वाट मिळाली तर त्याला अर्थ.

संगणक आहे ना!

कुणी म्हणेल, तेजसच्या जमान्यात पत्र्याची पट्टी कशाला? गंमत अशी, की तेजस मुद्दामच अस्थिर बांधलंय. चपळाई हवी म्हणून. त्याला सरळ ठेवतो तो उड्डाण-नियंत्रण संगणक, आणि त्याचे एक नाही तर चार समांतर मार्ग आहेत. एक बिघडला तर बाकीचे आहेत. यामागे देशाच्या अनेक संस्थांची काही दशकांची मेहनत आहे. गच्चीवर किंवा शेडमध्ये बांधणाऱ्याकडे ती नसते. त्याच्या विमानाची स्थिरता त्याच्या आकारात आणि वजनाच्या मांडणीतच असावी लागते.

आणि संगणकावर आंधळा भरवसा ठेवला तर काय होतं, तेही जगाने पाहिलं. बोइंग ७३७ मॅक्समधली एक प्रणाली एकाच सेन्सरवर विसंबून शेपटीचा ट्रिम आपोआप बदलत होती. सेन्सर चुकला, विमान पुन्हा पुन्हा नाक खाली घालत राहिलं, पायलट झुंजत राहिले. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. ट्रिम ही बारीकसारीक गोष्ट नव्हे, ती इथे कळते.

सुरगाण्याच्या मैदानावरून

मग सुरगाण्यातल्या मुलाने करायचं काय? माणूस बसेल असं यंत्र बांधून टेकडीवरून उडी मारायची नाही, हे पहिलं. दुसरं, वाट बघत बसायचं नाही. पुठ्ठ्याचं किंवा थर्माकोलचं हातभर ग्लायडर करा. पहाटे वारा पडलेला असताना शाळेच्या मैदानावर हलक्या हाताने सोडा. वर जाऊन गचकन खाली येतंय, परत वर जातंय? नाकाला थोडी माती लावा. सरळ खाली घुसतंय? माती काढा. डावीकडे वळतंय? उभ्या शेपटीची कडा किंचित उजवीकडे वाकवा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेकीची नोंद. खर्च पन्नास रुपयेही नाही. पण वीस फेकींच्या नोंदी असलेली वही हे चाचणी वैमानिकाच्या कामाचं लहान रूप आहे.

पुढच्या वाटाही आहेत. ओझरला आयटीआय झालेल्यांना अॅप्रेंटिस म्हणून घेतात. नागपूरच्या आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा ट्रेड ‘दासॉ’च्या मदतीने सुरू झाला. विज्ञान शाखेनंतर विमान देखभाल अभियंत्याचा परवाना घेता येतो. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग आणि मायक्रोलाइट उड्डाण आहे. मात्र यातली बहुतेक दारं शहराकडे तोंड करून आहेत. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या तालुक्यातली मुलं हाताने काम करण्यात कुठेच कमी नाहीत. ओझरच्या नव्या साखळीतून वर्षाला आठ तेजस बाहेर पडायची आहेत. त्यातल्या एखाद्याचे रिव्हेट सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुला-मुलींच्या हातचे असावेत, यासाठी तालुक्याच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आणि आश्रमशाळांत एरोमॉडेलिंगचा तास मागणं ही काही अवाजवी मागणी नाही.

आणि तोवर, पुढच्या वेळी ‘घरचं विमान’ मोबाइलवर दिसलं की टाळी जरूर वाजवा. पण कमेंटमध्ये एक प्रश्नही टाका. भावा, वजन केलंस का, आणि हात सोडून बघितलास का?