चौदा पैशांचा आवळा

लास वेगासला जाऊन आलेली मंडळी आता आपल्या घरांतही कमी नाहीत. कोणी कंपनीच्या कामाला जातं, कोणी मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलं की "आलोच आहोत तर तेही बघू" म्हणून जातं. आणि परत आलेल्यांपैकी निदान एक जण मला ब्लॅकजॅकवर व्याख्यान देतो. (मला आकडेमोडीचा नाद आहे हे नात्यात जगजाहीर आहे, त्यामुळे ही व्याख्यानं माझ्याच वाट्याला येतात.) सार ठरलेलं असतं: "अरे, नियम काय उदार होते तिथे! जोडी फोडून वर डबलसुद्धा करू देत होते."

आज या ‘उदार’ शब्दाचाच समाचार घ्यायचाय. माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. स्प्लिट आणि डबलचे सैल नियम खेळणाऱ्याच्या फायद्याचे असतात हे खरं, पण आपली खेळी त्याप्रमाणे बदलणाऱ्याच्याच. आणि ज्या टेबलावर हे नियम मोठ्या अक्षरांत मिरवलेले असतात, तिथे बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पट रक्कम दुसऱ्या खिशातून काढलेली असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही. डीलरचं एक पान उघडं असतं. आपली पहिली दोन पानं पाहून पैज दुप्पट करता येते, मात्र मग एकच पान मिळतं. हे झालं डबल. दोन्ही पानं सारखी असली तर तेवढीच पैज आणखी लावून त्यांचे दोन हात करता येतात. हे स्प्लिट. एक्का आणि दहाचं पान (दश्शी किंवा चित्र) पहिल्याच फटक्यात आलं तर तो ब्लॅकजॅक, त्याला जास्त पैसे.

आता गंमत बघा. डीलरला स्वतःची अक्कल वापरायची मुभाच नसते. १६ पर्यंत पान घ्यायचं, १७ ला थांबायचं. आपण त्याचं उघडं पान पाहून ठरवू शकतो, आणि डाव आपल्या बाजूला झुकलाय असं दिसल्यावर जास्त पैसे लावू शकतो. या खेळात खेळणाऱ्याच्या हातात जे खरं हत्यार आहे ते एवढंच. आपली बेरीज ११ आणि डीलरचा छक्का असेल, तर नुसतं पान घेऊन १०० रुपयांच्या पैजेवर सरासरी ३३ रुपये सुटतात. डबल केलं तर ६७. "उगाच कशाला जास्त लावा" म्हणून हात आखडणारा माणूस इथे सावध नसतो, तो ३४ रुपये टेबलावर सोडून उठत असतो.

स्प्लिटचं जरा वेगळं. अठ्ठीची जोडी आणि समोर दहाचं पान, म्हणजे आपल्याला १६ आणि कपाळाला हात. तिथे जोडी फोडायची ती जिंकायला नव्हे, कमी हरायला. पण जोडी फोडल्यावर डबल करू देत असतील, तर काही जोड्यांचा अर्थच पालटतो. सहा-आठ कॅटचा नेहमीचा खेळ धरा. ही सवलत नसेल तर दुर्रीची किंवा तिर्रीची जोडी डीलरच्या ४ ते ७ पुढेच फोडायची. सवलत असेल तर २ आणि ३ पुढेही. छक्कीची जोडी एरवी ३ ते ६ पुढे, आता २ पुढेही. चाराची जोडी एरवी कधीच फोडायची नाही, आता ५ आणि ६ पुढे फोडायची. का? तर फोडलेल्या चारावर छक्की किंवा सत्ती पडली की १० किंवा ११ होतात, आणि तिथे डबल करता येतं. सगळा फायदा त्या दुसऱ्या डबलमध्ये आहे. ‘उदार नियम’ म्हणून चाराची जोडी फोडायची आणि ११ आल्यावर घाबरून नुसतं पान मागायचं, म्हणजे आधी होतं त्यापेक्षाही वाईट. आणि पाचाची जोडी? ती मुळी जोडी नाहीच. ते १० आहेत. डीलरच्या ९ पर्यंत डबल करा, पुढे नुसतं पान घ्या. नियम कितीही सैल असले तरी पंजी फोडणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही!

शिवाय हे सगळं करायला खिशात पैसे लागतात. चार हातांपर्यंत फोडू देणाऱ्या आणि प्रत्येकावर डबल करू देणाऱ्या टेबलावर १० डॉलरची पैज ८० डॉलरपर्यंत जाऊ शकते. शेवटच्या ५० डॉलरवर बसलेल्याला ही सवलत असून नसल्यासारखीच.

बरं, सगळं बिनचूक केलंत. मग मिळतं किती? पहिल्या पैजेच्या दर १०० रुपयांमागे सरासरी हिशेब सांगतो. जोडी फोडल्यावर डबल करू देणं: साधारण १४ पैसे. एक्के पुन्हा फोडू देणं: ८ पैसे. पहिल्या दोन पानांवर अर्धी पैज सोडून उठू देणं, म्हणजे सरेंडर: ८ पैसे. एकूण ३० पैसे. कितीही पानांवर डबल करू देणारा एखादा दानशूर भेटलाच तर आणखी साधारण २३. झाले ५३ पैसे.

आणि आता कोहळा. ब्लॅकजॅकला जुना दर तीनास दोन, म्हणजे १० डॉलरला १५. वेगासच्या कितीतरी टेबलांवर आता तो सहास पाच आहे, म्हणजे १० ला १२. ऐकायला सहा हा तीनापेक्षा मोठा वाटतो, हीच त्यातली मखलाशी. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. डीलरशी बरोबरी होण्याचे प्रसंग वजा केले तरी या एका बदलाने दर १०० रुपयांमागे १ रुपया ३६ पैसे जातात. वरच्या सगळ्या सवलतींची बेरीज याच्या निम्म्यावरही येत नाही. १० डॉलरचे ६३ डाव खेळलात तर ‘फोडून डबल’ने ८८ सेंट दिले, आणि सहास पाचने साडेआठ डॉलर नेले.

मला राग येतो तो यामुळे. कसिनो धर्मादाय संस्था नाही हे मलाही कळतं. राग आहे तो आपल्या बिनबोभाट मान डोलावण्याचा. कारण एकेकाळी लोक असे नव्हते. १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या टेबलावरच्या गणकयंत्रांवर या खेळाची योग्य खेळी मांडली. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचं ‘बीट द डीलर’ आलं आणि कसिनोवाल्यांचं धाबं दणाणलं. १ एप्रिल १९६४ पासून वेगासमध्ये नियम आवळले गेले: डबल फक्त ११ वर, आणि एक्क्यांची जोडी फोडायची नाही. लोकांनी काय केलं? सरळ टेबलांकडे पाठ फिरवली. काही आठवड्यांतच जुने नियम परत आले.

त्यांनी यातून धडा घेतला, आपण नाही. डबल-स्प्लिट डोळ्यांना दिसतं, ते काढून घेतलं की माणूस चिडतो. म्हणून ते राहू द्यायचं, उलट वाढवायचं, आणि न दिसणाऱ्या जागी कात्री लावायची. स्पॅनिश २१ मध्ये डबल-स्प्लिटची लयलूट असते, पण प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढलेल्या असतात. फ्री बेट ब्लॅकजॅकमध्ये तर ९, १०, ११ वरचं डबल आणि दहाची सोडून बाकी जोड्यांचं स्प्लिट चक्क फुकट! फक्त डीलरचे २२ झाले की तो हरत नाही, बरोबरी होते. आपले २२ झाले तर मात्र आपण गेलो. हे खेळ बेकायदा नाहीत, लबाडीचेही नाहीत, सगळं लिहिलेलं असतं. पण त्यांना ‘उदार’ म्हणू नका.

"तीनास दोनच्या टेबलावर किमान पैज मोठी असते त्याचं काय?" असं विचारणारे आहेत. प्रश्न रास्त आहे. २५ डॉलरच्या टेबलावर घराचा वाटा अर्धा टक्का असेल तर डावामागे सरासरी साडेबारा सेंट जातात. १० डॉलरच्या सहास पाच टेबलावर तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे २० सेंट. महाग दिसणारं टेबल सरासरीत स्वस्त पडतं. मात्र तिथले चढउतार अडीचपट मोठे, ते सोसणार नसतील तर दोन्हींकडे बसू नये.

"आम्ही मजेसाठी खेळतो, हिशेब कसले मांडतोस?" हा दुसरा आक्षेप. करा की मजा! पण मंडईत दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारी आपण माणसं, भाजीबरोबर कढीपत्ता फुकट मिळाला तरी वजनकाट्यावरची नजर हलू देत नाही. तीच नजर इथे का झाकायची?

तर पुढच्या वेळी वेगासला जा, नाहीतर मांडवीतल्या जहाजावर जा, बसण्याआधी कापडावर काय लिहिलंय ते वाचा. आधी ब्लॅकजॅकचा दर, मग डीलर सगळ्या १७ ला थांबतो की एक्का धरून झालेल्या १७ वर आणखी पान घेतो (घेत असेल तर आणखी २२ पैसे गेले), आणि सगळ्यात शेवटी स्प्लिट-डबल. तीनास दोन दिसलं नाही तर उठा आणि तोच वेळ कारंजी बघण्यात घालवा. अर्धा टक्का आपण तरीही हरणारच आहोत, ते मी लपवत नाही. पण १९६४ च्या लोकांनी निव्वळ पाठ फिरवून जे मिळवलं, ते आपल्याला पाटी वाचूनही मिळवता येऊ नये?