चार हजार दिरहमची रेघ

दुबईत घरभाडे सहसा महिन्याच्या महिन्याला देत नाहीत. वर्षाच्या भाड्याचे चेक आधीच लिहून घरमालकाच्या हाती ठेवायचे असतात. कुणी एकच चेक मागतो, कुणी दोन, कुणी चार मान्य करतो. चेक जितके कमी, तितके भाडे थोडे उतरते. म्हणजे ज्याच्या खात्यात आधीपासून पैसा आहे त्याला घर स्वस्त आणि जो पगारावर जगतो त्याला महाग. पगारदारांतला फार मोठा वर्ग तर या चेकांच्या जवळपासही जात नाही. तो घर भाड्याने घेत नाही, पलंग घेतो. देरा, सतवा, करामा या वस्त्यांत ‘बेड स्पेस’ हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष गेली पन्नास वर्षे अशाच पलंगांवर झोपत आले आहेत.

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे ओळखीचे पालक स्थळांची चौकशी करायला येतात. “मुलगा दुबईला आहे, लाखाच्या वर पगार आहे,” एवढ्यावर बोलणे पुढे सरकते. लाख हा आकडा ऐकला की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. ते प्रश्न आज विचारू या, कारण लग्नानंतर ते मुलीलाच सोडवावे लागतात.

आधी या लाखाचे बघू. फार वाचकांना ठाऊक नसेल, पण 1966 पर्यंत त्या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. 1959 पासून तर आपल्या सरकारने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच काढल्या होत्या. 1966 साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिकडच्या राज्यांनी तो सोडला. 1971 च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिराती हा देश झाला, 1973 मध्ये दिरहम आला. पुढे हा दिरहम डॉलरला बांधला गेला आणि 1997 पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम हा भाव हललेला नाही. आपला रुपया मात्र घसरत राहिला. 2000 साली एका दिरहमला साधारण 12 रुपये मिळत, आज 23 च्या आसपास किंवा वर मिळतात.

गंमत इथेच आहे. 2000 साली एखाद्याला 2,500 दिरहम पगार असेल तर घरी त्याचे 30,000 रुपये होत. आज त्याच जागेवर त्याच्या पुतण्याला तेच 2,500 मिळत असतील, तरी ते 57,500 होतात. गावात सगळे म्हणतात पगार दुप्पट झाला. दुबईतल्या वाण्याच्या दुकानात, बसमध्ये, खोलीच्या भाड्यात मात्र ते 2,500 च राहिले, आणि दरम्यान तिथले भाव कुठच्या कुठे गेले. 2018 च्या 1 जानेवारीपासून तिथे 5 टक्के व्हॅटही सुरू झाला. वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही हे खरे, पण त्याचा फायदाही पगार मोठा असेल तितका मोठा. हजार-दीड हजारवाल्याला तर आपल्या देशातही आयकर पडला नसता.

खाजगी नोकरीत बाहेरून आलेल्या कामगारासाठी तिथे किमान वेतन ठरलेले नाही. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, पगारातला फरक दहापट-वीसपट असू शकतो. त्यातही पासपोर्टचा रंग बघून पगार ठरवण्याची सवय जुनी आहे. एकच काम, एकच अनुभव, पण युरोपातून आलेल्याला एक आकडा आणि आपल्याकडच्याला दुसरा. 2022 च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या नव्या कामगार कायद्याने राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायला बंदी घातली, ही चांगली गोष्ट झाली. पण पगाराचा आकडा मुलाखतीत ठरतो आणि तिथे समोरच्याला ठाऊक असते की आपल्या उमेदवाराच्या घरी बहिणीचे लग्न आहे.

आता रेघेची गोष्ट. नोकरदाराला बायको-मुलांना तिकडे न्यायचे असेल तर त्याचा महिन्याचा पगार निदान 4,000 दिरहम असावा लागतो, किंवा 3,000 दिरहम आणि राहण्याची सोय. याच्या खाली असेल तर कुटुंबाचा व्हिसा नाही. हा नियम कितीजणांच्या आयुष्यावर किती खोल ओरखडा काढतो, ते आम्ही वर्गात रोज बघतो. ज्याला 1,800 मिळतात तो दोन वर्षांतून एकदा महिना-दोन महिने येतो. मुलगा चौथीत असतो तेव्हा बाप त्याला दुसरीतले कपडे आणतो, कारण माप जुनेच लक्षात असते. वॉट्सॲपवरचा कॉल तिथे चालत नाही म्हणून दुसरे ॲप घ्यायचे, त्यावर नेट दगा देते, आणि बापाची ओळख आवाजापुरती राहते. ‘माझे वडील’ हा निबंध आम्ही हल्ली देत नाही.

रेघेच्या वर गेले की प्रश्न सुटला, असेही नाही. एक हिशेब मांडू. आकडे आम्ही धरून चाललो आहोत, घरोघरी थोडा फरक पडेल. समजा पगार 5,000 दिरहम, म्हणजे आपले 1,15,000 रुपये. त्याने बायको आणि एक मूल नेले. दुबईत परवडत नाही म्हणून शारजात छोटी खोली घेतली, तिचे महिन्याला 2,000. वीज, पाणी, फोन, नेट मिळून 600. जेवणखाण 1,200. मुलाची भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आणि बस 700. नोकरीसाठी जाणे-येणे 350. बेरीज 4,850. उरले 150 दिरहम, आणि त्यातून बायको-मुलाचा आरोग्यविमा, व्हिसाचे नूतनीकरण आणि सुट्टीची तिकिटे काढायची आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ शारजा-दुबई रस्त्यावर दोन-दोन तास गाडीत जातात ते वेगळेच. त्या वेळेला पगार नाही.

तोच माणूस एकटा राहिला तर पलंगाचे 800, मेसचे 500, बाकी खर्च 500, म्हणजे 1,800 मध्ये भागते आणि 3,200 उरतात. दोन्ही हिशेबांतला फरक साधारण 70,000 रुपयांचा. कुटुंबाने एका छपराखाली राहण्याची महिन्याची किंमत ही आहे.

म्हणूनच जूनमध्ये दाखले काढून गेलेली मुले दोन-तीन वर्षांनी परत आमच्याच वर्गात येऊन बसतात. अशाच एका मुलीची अम्मी प्रवेश घ्यायला आली होती. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाली, “सर, लोक म्हणतात टिकली नाही. भाडं वाढलं, मग काय करणार? पण ती दोन वर्षं पोरीनं बापाच्या हातानं घास खाल्ला.” मुलगी तोवर अरबी अक्षरे सुंदर काढायला शिकली होती आणि मराठीचे जोडाक्षर विसरली होती.

भाडे वाढण्याचीही एक तऱ्हा आहे. दुबईत जुन्या भाडेकरूचे भाडे किती वाढवायचे याला 2013 च्या हुकुमाने मर्यादा आहे. बाजारभावापेक्षा आपले भाडे किती कमी आहे ते बघून 5 पासून 20 टक्क्यांपर्यंत, आणि फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर वाढच नाही. नियम भाडेकरूच्या बाजूचा आहे. पण घर विकायचे आहे किंवा मालकाला स्वतः राहायचे आहे म्हटले की बारा महिन्यांची नोटीस देऊन घर रिकामे करून घेता येते. कोरोनानंतर जगभरचा पैसा त्या शहरात आला, 2021 पासून भाडी चढत गेली आणि अशा नोटिसा घरोघरी पोचल्या. बाहेर पडलेल्याला नवे घर नव्या भावाने शोधावे लागते. त्याचा पगार काही कुठल्या हुकुमाने 20 टक्के वाढत नाही.

त्याच शहरात 20 लाख दिरहमची मालमत्ता घेतली की दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. ज्याने ती इमारत बांधली त्याचा व्हिसा दोन वर्षांचा आणि नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की बऱ्याच जणांना साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर परत. 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा 2010 मध्ये उघडला. आपल्याकडून फिरायला गेलेले सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात. कामगारांच्या छावण्या असलेल्या एका भागाला लोकांनी सोनापूर नाव ठेवले आहे, तिथे मात्र कुणी फोटो काढायला जात नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2009 पासून पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून देण्याची पद्धत लावली, त्यामुळे पगार थकवला तर ते नोंदीत दिसते. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कागद नसला की ते ऐकण्यापुरतेच राहते. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून घेणेही तिथल्या कायद्यात बसत नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. तरी दीड-दोन लाख मोजून, तेही दागिने गहाण टाकून, व्हिजिट व्हिसावर पोरांना पाठवणारे मामू आणि चाचा प्रत्येक गावात आहेत. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळते.

आणि शेवटी ‘बेसिक’. हा शब्द स्थळ बघतानाही विचारावा. पगार 3,000 असला तरी करारात बेसिक 1,000 आणि बाकीचे भत्ते, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी करतात. परदेशी माणसाला तिथे पेन्शन नाही. निघताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती बेसिकवर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढे वर्षाला 30 दिवसांचा. दहा वर्षांचे झाले 255 दिवस. बेसिक 1,000 असेल तर हाती येतात 8,500 दिरहम, 2,000 असेल तर 17,000. एका आकड्याने 1,95,500 रुपयांचा फरक पडतो, आणि तो ज्या दिवशी सही होते त्या दिवशीच ठरून जातो. सही आपल्या गावातच होते, बहुतेक वेळा एजंटच्या टेबलावर घाईघाईने. तिथल्या कामगार मंत्रालयाचे ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर उमेदवाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही देण्याची सोय आहे. त्या भाषांत हिंदी आहे आणि उर्दूही आहे. उर्दूतली प्रत मागून घ्यावी, घरी आणावी, आणि दहावी झालेल्या बहिणीकडून मोठ्याने वाचून घ्यावी.